खालचं खाचर

वाडीतल्या सगळ्यांचे राब भाजून झाले होते. ज्याच्या त्याच्या खाचराच्या कडेला भाजलेल्या जमिनीचा काळा तुकडा दिसत होता. हौशीरामच्या खाचराच्या कडेला मात्र नुसतं वाळलेलं गवत होतं. सकाळी शेणाची पाटी घेऊन बाहेर पडली की तिकडे बघायचं नाही असं त्याची बायको चिमाबाई ठरवायची, आणि पहिल्यांदा तिकडेच बघायची.

फाल्गुनात राबासाठी फांद्या तोडायला हौशीराम ऐनाच्या झाडावर चढला होता. चाळीस वर्षं चढत होता, त्यामुळे त्याला कोणी जप म्हणालं नाही आणि म्हटलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. पाय सटकला, खुबा मोडला. मंचरच्या दवाखान्यात सळई घातली आणि हातात वॉकर दिला. तेव्हापासून तो ओटीवरच्या खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालत होता. वॉकरला तर सगळ्यात जास्त.

राब भाजला नाही म्हणजे त्या राखेत रोपांची दाढ टाकता येत नाही. दाढ नाही म्हणजे रोप नाही, आणि रोपच नाही तर चिखलात लावायचं काय, आवणी कशाची करणार? बैल तर दोन वर्षांपूर्वीच विकले होते. चिखलणी हौशीराम करायचा, आणि तो हा असा. धरणाच्या वरच्या अंगाला असलेली ती दोन खाचरं, एक वरचं आणि एक खालचं, यंदा पडीक राहणार हे वाडीने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

त्यांच्या मुलाने, सुभाषनेही ठरवलं होतं. तो चाकणला कंपनीत होता. आजवर चार पोरांबरोबर एका खोलीत राहायचा, आता त्याने वेगळी खोली बघितली होती. "शेत पिकणारच नसंल तर हितं कशाला बसायचं? तू, आबा, उज्ज्वला, तुमी तिघंबी चला. मालक गणपतीपत्तूर थांबतो म्हणलाय, मंग दुसऱ्याला देनार." चिमाबाई एकदा ती खोली बघून आली होती. तिसरा मजला, वितभर गॅलरी, खाली रस्ता. जिना चढताना तिने मनातल्या मनात हौशीरामला वॉकर घेऊन त्या पायऱ्यांवर उभा करून बघितला होता. ते पोरापाशी बोलायची सोय नव्हती. पोरगा भल्यासाठीच सांगत होता.

आणि अशात एक दिवस सून लोखंडाची चौकट खांद्यावर टाकून एसटीतून उतरली.

उज्ज्वला निरगुडसरची. लग्नाला तीन वर्षं झाली होती. माहेरी बागायत, ऊस, कांदा. भाताच्या चिखलात तिने पहिला पाय लग्नानंतर टाकला, तो गुडघ्यापर्यंत रुतला आणि सगळ्या बाया हसल्या होत्या. तिने चौकट अंगणात टेकवली. आडव्या पट्ट्यांना खालून खुंट्या होत्या.

"आत्या, राब नको, दाढ नको, चिखलबी नको. गादीवाफे करायचे, ही चौकट दाबून भोकं पाडायची आन् भोकात तीन-तीन दाणं टाकायचं. घोडेगावला आमच्या गटाच्या बायांना करून दावलं."

"आन् आवणी?"

"आवणीच नाय करायची. टाकलं तिथंच वाढतं."

"भाताला चिखल नको म्हणं," चिमाबाई म्हणाली. "उद्या म्हणशील भाकरीला पीठ नको."

"आत्या, पडीक ठिवण्यापरीस..."

"आन् बी गेलं म्हंजे? कुठून आणू?"

खरी भीती तिथे होती. कणगीत रायभोग भाताचं तीन पायली बी होतं, घरचं. सासूने तिच्या हातात दिलं तेव्हापासून दरसाल त्यातूनच पेरलं, त्यातूनच ठेवलं. दुकानचं बियाणं या घरात आलं नव्हतं. तेवढं सगळं मातीत घालायचं आणि ते उगवलं नाही, तर भात गेला, बी गेलं, आणि चाकणच्या जिन्याला नाही म्हणायला तोंडही उरलं नाही.

खाटेवरून हौशीराम खेकसला, "करू दे तिला! मी हितं पडलोय, खाचार तिथं पडलंय. तिला तरी कायतरी उभं करू दे."

तो हे मायेने बोलला की वैतागून, हे चिमाबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. पण घरच्या धन्याने बोलून टाकलं होतं.

खालच्या वाडीचा पॉवर टिलर आणून जमीन भुसभुशीत केली. मग दोघींनी फावड्याने वाफे ओढले. चार दिवस गेले. चिमाबाईच्या कमरेचा पार भुगा झाला. जमिनीत ओल आल्यावर उज्ज्वला चौकट ठेवायची, तिच्यावर उभी राहून ती दाबायची, उचलायची, पुढे सरकायची. चिमाबाई मागून उकिडवी बसत भोकात दाणे टाकायची. तीन टाकायचे. तिचा हात काही तीनवर थांबेना. चार पडायचे, पाच पडायचे, एकदा भीती दाटून आली तेव्हा सात पडले. उज्ज्वलाने मागे येऊन बघितलं आणि बोटाने जादाचे दाणे उचलले.

"आत्या, दाटी झाली का सगळीच उपाशी ऱ्हात्यात."

"एक मेला तर?"

"मंग दोन हायेत ना."

"त्येबी मेले तर?"

"तुमी तर उगवायच्या आधीच त्यांचं तेरावं घालाया निघाल्या," उज्ज्वला म्हणाली आणि हसली. चिमाबाईलाही हसू आलं, पण ते तिने पदराआड ठेवलं.

रस्त्याने प्रयागबाई चालली होती. ती बांधावर थांबली, कमरेवर हात ठेवून पुरता एक वाफा होईस्तोवर बघत राहिली. "चिमे, भुईमूग लावतीस का गं?" चिमाबाईने मान वर केली नाही. प्रयागबाई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. सावडीला दोघी एकमेकींकडे जायच्या, एकीच्या आवणीला दुसरी नाही असं कधी झालं नव्हतं. त्यामुळेच ते बोलणं झोंबलं.

भात उगवला. उगवला म्हणजे काय, वीतभर अंतरावर दोन-तीन पिवळट काड्या. मध्ये सगळी उघडी माती. वरचं खाचरही तसंच, खालचंही तसंच. उज्ज्वला म्हणायची, पहिला महिना असाच दिसतो, बघायला जाऊ नका. चिमाबाई दिवसातून तीनदा जायची. तण उगवलं ते दोघींनी वाकून वाकून काढलं, ते काढल्यावर तर खाचर आणखीच उघडं पडलं.

आषाढात प्रयागबाईच्या आवणीची सावड आली. चिमाबाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन गेली. घोट्यापर्यंत मऊ मऊ चिखलात पाय गेले आणि तिला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने चार काड्या खोवायच्या, मागे सरकायचं. हाताला विचारावं लागत नव्हतं. दुपारपर्यंत प्रयागबाईचं खाचर हिरवंगार, ओळीत. आणि तिथून वाकून बघितलं की बांधापलीकडे स्वतःची दोन खाचरं दिसत होती, चाई पडलेल्या डोक्यासारखी.

बाया बोलायला लागल्या. कुणी वाईट बोललं नाही, तेच जास्त वाईट होतं.

"सूनबाई हुशार हाय, पर बागायतातली. तिला कांदा ठावा."

"आपलं पानी हितं थांबतंय, म्हून भात होतो. पानी सोडून दिल्यावर काय ऱ्हातंय?"

"हौशीभाऊ हिंडताफिरता असता तर हे असलं झालं नसतं."

भाकरी खाताना प्रयागबाई तिच्या शेजारी येऊन बसली आणि हळू बोलली. "माजी दाढ उरलीय. दुकानची हाय, पर जोरात हाय. दोन दिसांत सुकून जाईल. घिऊन जा. अजून येळ गेली न्हाई, चिमे. आठ दिसांनी म्हणशील तर मी काय करू?"

चिमाबाईने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

त्याच दिवशी सकाळी उज्ज्वला हौशीरामला घेऊन मंचरला गेली होती, खुब्याचा फोटो काढायला. संध्याकाळी तिचा फोन आला. डॉक्टर दोन दिवसांनी भेटणार होते, तोवर निरगुडसरला राहू. "आत्या, खाचराच्या बांधाची तोंडं उघडी ऱ्हाऊ द्या हां. पानी साचू देऊ नका." चिमाबाई हो म्हणाली.

ती हो म्हणाली तेव्हा खरंच हो म्हणाली होती. पण सकाळी ती खालच्या खाचरावर गेली. रात्रीच्या पावसाचं पाणी वाफ्यांमधल्या सऱ्यांतून खळखळ वाहत बांधाबाहेर जात होतं. उभ्या जन्मात तिने भाताच्या खाचरातून पाणी बाहेर जाऊ दिलं नव्हतं. रात्री उठून, इरलं घेऊन, फुटलेला बांध लिंपणाऱ्यांतली ती बाई. समोर सगळं पाणी निघून चाललेलं बघताना तिचा जीव खालीवर व्हायला लागला. तिने दगड लावला. दगडावर चिखल थापला. पाणी चढायला लागलं.

पुढचं मग आपोआप झालं. पाणी घोट्याला लागलं, वाफ्यांच्या कडा ढासळल्या. ढासळल्याच आहेत तर म्हणून ती तुडवायला लागली. बैल नव्हते, ती स्वतःच होती. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, फावड्याने माती पाडत, पायाने कालवत. रायभोगाच्या त्या पिवळ्या काड्या पायाखाली जाताना तिला दिसत होत्या. एकदा थांबली. मग वाटलं, वरचं तर आहेच तिचं. हे एक माझं. खालचं लहान आहे. निदान एका तरी खाचरात पोटापुरतं खात्रीचं असू दे. दोन दिवस ती तुडवत होती आणि लावत होती. प्रयागबाई मुठी पोचवून गेली. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना खालचं खाचर वाडीतल्या इतर खाचरांसारखं दिसायला लागलं. चिमाबाईचे गुडघे सुजून टम्म झाले होते, आणि तरी पहिल्यांदा तिला समाधान वाटलं. ते एसटीचा आवाज येईपर्यंत टिकलं.

उज्ज्वलाने हौशीरामला धरून ओटीवर बसवलं, चहा टाकला, तिघांना दिला आणि मग कपडे वाळत घालायला म्हणून मागच्या अंगणात गेली. तिथून खाचर दिसायचं. ती बराच वेळ आली नाही. चिमाबाई चुलीपुढे बसून राहिली. चोरी पकडल्यावर पोराला वाटावं तसं तिला वाटत होतं, साठीला टेकलेल्या बाईला.

उज्ज्वला आली. तिचे डोळे कोरडे होते.

"आत्या, मला सांगायचं तरी व्हतं."

"अगं, पानी बघवंना मला..."

"तीन वर्सं झाली मला हितं येऊन. अजून मी पावणीच का?"

चिमाबाईला म्हणायचं होतं की तुझ्यावर विश्वास नाही असं नाही गं, माझाच कशावर बसत नाही. झाड चढून चढून सवयीचं होतं, त्यानेच माणूस पाडला. आता सवयीचंही भेव वाटतं आणि नव्याचंही. पण असलं बोलायची जिभेला सवय नव्हती. ती म्हणाली, "च्या गार झाला तुजा."

श्रावणात पावसाने ओढ दिली. आठ दिवस गेले, पंधरा गेले. धरणाच्या पलीकडे ढग दिसायचे आणि तिकडेच जिरायचे. ज्यांच्या खाचराला वरून झऱ्याचं पाणी होतं त्यांचं निभावलं. हौशीरामच्या खाचराला झरा नव्हता. खालच्या खाचरातला तुडवलेला चिखल आवळत गेला आणि मग चिरला. भेगांत बोट जाईल, मग हात जाईल. उशिरा लावलेली रोपं, त्यांनी अजून मुळं धरलेली नव्हती. ती टोकापासून तांबडी पडायला लागली.

चिमाबाईने हंडा-कळशी घेतली आणि ओढ्यावर गेली. ओढ्यात डबकी उरली होती. एक खेप म्हणजे चढ, बांध, परत उतार. हंडाभर पाणी खाचरात ओतलं की भेगेत गडप व्हायचं. दहा खेपा झाल्या तरी कोपराही भिजला नाही. अकराव्या खेपेला तिने डबक्यात हंडा बुडवला तेव्हा शेजारी दुसरा हंडा बुडाला. उज्ज्वला.

"तू नको," चिमाबाई म्हणाली. "ह्ये माजं करून ठिवल्यालं हाय."

"भात घरचाच हाय ना," उज्ज्वला म्हणाली आणि हंडा डोक्यावर घेऊन पुढे चालायला लागली.

पाच दिवस त्या दोघी पाणी वाहत होत्या. बोलणं फार नव्हतं. चढावर उज्ज्वला थांबायची, सासू येईपर्यंत. चौथ्या दिवशी चिमाबाईच्या लक्षात आलं की सून वरच्या खाचराला एक थेंबही घालत नाही. ती थबकली. आवणी झाल्यापासून तिने वरच्या खाचराकडे बघणंच सोडलं होतं, लाजेनेही आणि काही बिघडलेलं दिसेल या धास्तीनेही. हंडा बांधावर ठेवून ती वर चढली.

माती दिसत नव्हती. पिवळ्या काड्यांच्या जागी बुंधे होते, एकमेकांना भिडलेले, काळपट हिरवे. तिने वाफ्याच्या कुशीत बोटं घातली. वरचा थर कोरडा, खाली माती मऊ, गार. ती एका बुंध्यापाशी बसली आणि फुटवे मोजायला लागली. बावीस झाले. चुकलं असेल म्हणून परत मोजले. बावीसच. तीन दाण्यांचे बावीस. शेजारच्याचे एकोणीस. तिसऱ्याचे मोजताना तिला दिसेनासं झालं, तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. तिला आनंद झाला, पण त्या आनंदाचीच तिला धडकी भरली. अजून कणसं पोटरीत यायची होती, लोंबी बाहेर पडायची होती, डुकरं होती, वारं होतं. आशा धरली आणि गेलं तर? न धरलेली बरी होती, तिचं ओझं नव्हतं.

खाली उतरताना ती उज्ज्वलाला एवढंच म्हणाली, "बावीस हायेत."

"ठावं हाय," उज्ज्वला म्हणाली. "म्या रोज मोजत व्हते."

रविवारी सुभाष आला. एसटीतून उतरून पायवाटेने येताना आधी खालचं खाचर लागतं. घरात शिरला तो रागाने लाल होऊनच. पिशवी टाकली आणि बायकोवर तुटून पडला.

"झालं समाधान? म्हणलं व्हतं ना, आपल्याला यातलं कळत न्हाई तर कशाला हात घालायचा? खालचं सगळं करपलंय. लोकं हसत्यात. आबांनी जल्मभर जपलेलं खाचार तू एका सालात घालवलं."

उज्ज्वला सुपात तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. ती बोलेल म्हणून चिमाबाई वाट बघत होती. आता बोलेल. आता सांगेल. उज्ज्वलाने एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ ओढले. ती सांगणार नव्हती. चिमाबाईही गप्प बसली तर निभावत होतं. पोरगा संध्याकाळच्या गाडीने गेला असता, विषय मिटला असता.

"सुभाष," ती म्हणाली. "म्या तुडवलं ते."

"काय?"

"खालचं. ही मंचरला गेली व्हती तवा म्या पानी कोंडलं, वाफं मोडलं, आन् प्रयागाची दाढ लावली. हिनं नको म्हणलं व्हतं. हिचं बी म्या पायाखाली घातलं. तरी हिनं माज्यासंगं पानी वाहिलं. हिला बोलू नगंस."

ओटीवर हौशीरामची खाट करकरली. सुभाष आईकडे बघत राहिला. आई त्याच्यापुढे मान खाली घालून उभी आहे हे त्याने पहिल्यांदाच बघितलं, आणि ते त्याला सोसलं नाही. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मंग वरचं?"

"वरचं जाऊन बग."

"त्यो काय बगतोय," हौशीराम ओरडला. "मला न्या. मला कुनी इचारलं का? फाल्गुनापास्नं म्या खाचार बघितलेलं न्हाई."

वॉकर बांधावर चालत नाही. सुभाष बापापुढे पाठ करून बसला. हौशीरामने आधी चार शिव्या दिल्या, मग हात त्याच्या गळ्यात टाकले. चढावर सुभाषला धाप लागली. म्हातारा हाडांचाच उरला होता, तरी सळईसकट जड होता. मागून चिमाबाई आणि उज्ज्वला, एकीने एक पाय सावरलेला, दुसरीने दुसरा. वाटेत प्रयागबाई भेटली. तिने बाजूला सरकून वाट दिली.

बांधावर त्याला बसवलं. हौशीरामने पुढे वाकून एक बुंधा मुठीत धरला. मुठीत मावेना. त्याने दुसरा हात लावला.

"माज्याबिगर आलं की गं," तो म्हणाला.

चाळीस वर्षं त्याच्या चिखलणीशिवाय या मातीत दाणा रुजला नव्हता, आणि आता हे उभं होतं. चिमाबाईला त्याचं दुखणं कळलं, कारण तेच तिचंही होतं. ती त्याच्या शेजारी बांधावर बसली, सुजलेला गुडघा लांब करून.

"तुमच्याबिगर कसलं," ती म्हणाली. "पडल्या दिसापास्नं तुमी शिव्या घालताय, त्याच खतावर आलंय."

हौशीराम हसला. हसता हसता त्याने बाहीने नाक पुसलं.

सुभाषचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि आईबापाकडे बघितलं. "मालकाचा हाय. खोलीचं इचारनार. काय सांगू?"

सवयीने सगळ्यांनी हौशीरामकडे बघितलं. हौशीरामने चिमाबाईकडे बघितलं. असल्या गोष्टीचं उत्तर तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. समोर लोंबी नव्हती. आभाळात ढग नव्हता. खालचं खाचर तिनेच घालवलेलं होतं. फोन वाजतच होता.

"सांग, आमी येत न्हाई," ती म्हणाली. मग ती सुनेकडे वळली. "उज्ज्वले, पुढल्या साली खालच्याला किती दाणं म्हणलीस? तीनच ना?"

"तीनच, आत्या."

"मी चार टाकीन," चिमाबाई म्हणाली. "तू मागून एक काढ."